चेंडू कुणाकुणाच्या हाती

सप्टेंबर उतरणीला लागला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या प्रत्येक संघाविषयी पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंदा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून आक्रमण चालवणारा खेळाडू, कोण? प्रशिक्षकांना हेच विचारले जाते, उत्तरादाखल एक नाव मिळते आणि विषय संपल्यासारखा वाटतो. माझ्या मते तो तिथे सुरूही झालेला नसतो. चेंडू हाताळणे या एका शब्दप्रयोगाखाली प्रत्यक्षात बरीच वेगवेगळी कामे येतात. त्यांतली काही पॉइंट गार्डच्या वाट्याला जातात, आणि उरलेली कुणाकडे सोपवली आहेत यावर तो संघ मार्चमधल्या बाद फेरीत किती पुढे जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून नव्या हंगामाआधी मी कुठल्याही संघाची यादी हातात घेतली की पहिल्या नावावर फार रेंगाळत नाही. दुसरा कोण, तिसरा कोण, आणि त्या दोघांना नेमके काय करता येते, हे शोधत बसतो.

कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमांनुसार पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत जास्तीत जास्त ३० सराव सत्रे घेता येतात. उन्हाळ्यातही थोडाफार सराव होतो, परंतु आक्रमणाची घडी खऱ्या अर्थाने बसते ती याच सहा आठवड्यांत. कुणाला कुठे उभे करायचे हे कागदावर मांडणे सोपे असते. चेंडू मात्र एकच असतो, आणि तो आतापर्यंत आपल्याच हातात असायचा अशी सवय असलेले तीन-चार खेळाडू एकाच संघात आले की त्यांच्यापैकी कुणाला कधी आणि किती वेळ चेंडूविना खेळायला लावायचे हा प्रश्न प्रशिक्षकापुढे उभा राहतो. बचावाच्या पद्धती आणि फेरबदल हंगामातही सुधारता येतात. चेंडूची ही वाटणी एकदा चुकीची बसली की जानेवारीत ती मोडून पुन्हा बसवणे फार अवघड जाते, कारण तोवर प्रत्येकाला आपापल्या जागेची सवय लागलेली असते.

कामे कोणती, ते आधी पाहू. मैदान ९४ फूट लांब असते आणि चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्यासाठी १० सेकंद मिळतात. प्रतिस्पर्धी संघ स्वस्थ मागे जात असेल तर हे काम कुणीही करील. तो पूर्ण मैदानभर प्रेस, म्हणजे चेंडूवाल्याला लगेच घेरणारा बचाव, लावत असेल, दोघे जण अंगावर धावून येत असतील, तर तिथे घाबरून न जाता डोके वर ठेवणारा माणूस लागतो. पलीकडे गेल्यावर आक्रमण सुरू करणे, म्हणजे पहिली स्क्रीन (सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभे राहून धरलेली आड) कुठे घ्यायची, पहिला पास कुणाला द्यायचा हे ठरवणे, हे निराळे काम आहे. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यावर तिथे जो उभा असेल त्याला बचाव हललेला असतानाच आत घुसता आले पाहिजे. हे काम बहुतेक वेळा दुसऱ्या गार्डचे असते आणि त्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घेण्याच्या मुदतीच्या घड्याळावर, सहा-सात सेकंद उरले आहेत आणि आखलेले सगळे फसले आहे, अशा वेळी स्वतःच्या बळावर शॉट उभा करणारा कोण, हा पुन्हा वेगळा गुण. शिवाय सीमेबाहेरून चेंडू आत टाकणारा. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण हातातले सामने सुटताना मी सर्वाधिक वेळा त्याच जागी सुटताना पाहिले आहेत.

नियमांनीही या वाटणीला आकार दिला आहे. पुरुषांच्या खेळात २०१५-१६ च्या हंगामापासून शॉट क्लॉक ३५ वरून ३० सेकंदांवर आला, आणि त्याच वेळी ड्रिबल करणाऱ्या खेळाडूला अगदी जवळून पहारा असला तरी पाच सेकंदांनंतर चेंडू गमवावा लागण्याचा नियम रद्द झाला. पहिल्या बदलामुळे घाई वाढली, तर दुसऱ्यामुळे एकाच खेळाडूने चेंडू बराच वेळ आपल्याकडे ठेवून संपूर्ण आक्रमण चालवण्याची मोकळीक मिळाली. चांगला गार्ड असलेल्या संघांना हा मोह पडणे स्वाभाविक होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याचे फळही मिळते. अडचण मार्चमध्ये येते, कारण तोवर प्रतिस्पर्ध्यांनी त्या एका माणसाच्या सगळ्या चित्रफिती पाहिलेल्या असतात.

पर्ड्यू विद्यापीठाच्या लागोपाठच्या दोन हंगामांकडे यासाठी पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणारे दोन्ही गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे होते. हंगामभर हे सुरेख चालले. मार्चच्या स्पर्धेत संघाला आपल्या गटातले पहिले मानांकन मिळाले, आणि १७ मार्च २०२३ रोजी सोळावे, म्हणजे सर्वांत खालचे, मानांकन असलेल्या फेअरली डिकिन्सनने त्यांना ६३-५८ असे हरवले. उंचीच्या हिशेबात फेअरली डिकिन्सन हा डिव्हिजन वन या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतला सर्वांत ठेंगणा संघ होता. त्यांनी ईडीला पुढून-मागून घेरले, हे सगळ्यांनी पाहिले. माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचे होते ते गार्ड्सवर त्यांनी सतत ठेवलेले दडपण. चेंडू मध्यरेषेपलीकडे नेतानाच दमछाक होत असेल, आणि आक्रमण सुरू होईपर्यंत शॉट क्लॉकचा मोठा हिस्सा खर्ची पडत असेल, तर घेरलेल्या उंच माणसाला योग्य कोनातून पास देण्यासाठी लागणारी उसंतच मिळत नाही. दोन नवखे गार्ड एकमेकांचा भार हलका करू शकत नव्हते, कारण दोघांनाही सारखाच आधार हवा होता.

पुढच्या हंगामाआधी पेंटर यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. स्मिथकडून त्यांनी चेंडू काढून घेतला नाही. त्यांनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणले. तो अनुभवी होता, वेगवान होता, स्वतः चेंडू पुढे नेऊ शकत होता, आणि मुख्य म्हणजे समोरच्या संघाच्या चपळ गार्डला अडवण्याचे काम अंगावर घेऊ शकत होता. परिणामी स्मिथला प्रत्येक वेळी ९४ फूट झगडण्याची गरज उरली नाही. त्याला अधूनमधून चेंडू पुढे गेल्यावर, बचाव स्थिरावण्याआधी, तो हाती घेता येऊ लागला. लॉयर नेमबाज म्हणून मोकळा झाला. एका मधल्या माणसाच्या येण्याने तिघांची कामे बदलली आणि पर्ड्यू अंतिम सामन्यापर्यंत पोचला. यादीतले मुख्य नाव तेच होते, पॉइंट गार्डही तोच होता. हंगामापूर्वीच्या त्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर दोन्ही वर्षी एकच आले असते.

अंतिम सामन्यात त्यांना कनेटिकटने ७५-६० असे हरवले, आणि त्या सामन्यातही हाच विषय दुसऱ्या बाजूने दिसला. ईडीने ३७ गुण केले. कनेटिकटने ते करू दिले, कारण त्यांचे पहारेकरी नेमबाजांपासून हललेच नाहीत. पर्ड्यूला संपूर्ण सामन्यात थ्री पॉइंटरचे, म्हणजे दूरवरून घेतलेल्या तीन गुणांच्या शॉटचे, फक्त ७ प्रयत्न करता आले आणि त्यांतला १ पडला. स्मिथच्या हातात चेंडू होता, पण तो द्यायचा कुणाला, हे बचावाने आधीच ठरवून टाकले होते. उलट कनेटिकटकडे ईस्ट कॅरोलायनाहून आलेला ट्रिस्टन न्यूटन, रटगर्सहून आलेला कॅम स्पेन्सर आणि पहिल्या वर्षाचा स्टेफॉन कॅसल असे तिघे होते, आणि तिघांपैकी कुणीही आक्रमण सुरू करू शकत असे. कॅसल पॉइंट गार्ड म्हणून नावाजलेला असूनही त्या वर्षी त्याने बराच काळ चेंडूविना खेळणे स्वीकारले आणि समोरच्या सर्वोत्तम गार्डला अडवण्याचे काम घेतले. प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या संघाचे कौतुक करताना त्यांच्या गुंतागुंतीच्या चालींविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या चाली कुठल्याही बाजूने, कुठल्याही गार्डपासून सुरू करता येत होत्या म्हणून त्या अडवणे कठीण होते, असे मला वाटते.

तिसऱ्या माणसाची किंमत काय असते, याचे माझ्या मनातले सर्वांत स्पष्ट उदाहरण व्हर्जिनियाचे आहे. २०१८ मध्ये पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला होता. पुढच्या हंगामात प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्याकडे टाय जेरोम आणि काइल गाय हे दोन प्रस्थापित गार्ड होतेच. अशा वेळी जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा, पहिल्या वर्षाचा किहेई क्लार्क संघात कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडला असता. क्लार्क मैदानावर असला की चेंडू वर आणण्याचे कष्टाचे काम तो करी, समोरच्या गार्डला पूर्ण मैदानभर सतावी, आणि सहा फूट पाच इंचांचा जेरोम स्क्रीनच्या आडून मोकळा होऊन चेंडू घेऊ शके. जेरोमला आक्रमणाचा सूत्रधार ठेवूनही त्याच्यावरचा ओझ्याचा भाग क्लार्कने उचलला होता.

३० मार्च २०१९ रोजी पर्ड्यूविरुद्ध त्या वाटणीचे चीज झाले. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने त्या दिवशी ४२ गुण केले होते. ५.९ सेकंद उरले असताना व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे होता आणि जेरोम फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या शॉटसाठी, उभा होता. पहिला पडला. दुसरा चुकला, आणि मामाडी डियाकिटेने उडी मारून चेंडू जो मागे टोलवला तो थेट स्वतःच्या अर्ध्या मैदानात घरंगळत गेला. क्लार्क त्याच्यामागे धावला. चेंडू हाती आला तेव्हा बास्केट दूर होती आणि घड्याळ पळत होते. अशा क्षणी तिथूनच चेंडू भिरकावून देणे हा बहुतेकांचा पहिला विचार असतो, आणि तो नसेल तर संघातल्या सर्वांत भरवशाच्या नेमबाजाला शोधणे हा दुसरा. क्लार्कने वळून एक-दोन पावले ड्रिबल करत वर पाहिले आणि लांबलचक, सपाट पास थेट बास्केटजवळच्या डियाकिटेकडे सोडला. डियाकिटेने तो पकडला, लगेच शॉट टाकला, आणि चेंडू हवेत असतानाच वेळ संपली. ७०-७०. अतिरिक्त वेळेत व्हर्जिनिया ८०-७५ असा जिंकला आणि नऊ दिवसांनी विजेता ठरला.

हा पास मी कितीतरी वेळा पाहिला आहे. दरवेळी मला त्यातले धैर्य कमी आणि सवय जास्त दिसते. पळताना डोके वर ठेवणे, समोरचे पूर्ण मैदान नजरेत घेणे आणि कोण कुठे आहे हे आधीपासून माहीत असणे, हे काम क्लार्क हंगामभर दर सामन्यात करत आला होता. म्हणून शेवटच्या सहा सेकंदांत त्याला काहीही नवे करावे लागले नाही. एखाद्या तिसऱ्या गार्डला प्रशिक्षकाने ऑक्टोबरपासून कोपऱ्यात उभे राहण्यापलीकडे काही दिलेच नसते, तर त्या क्षणी त्याच्याकडून अशा पासची अपेक्षा करता आली नसती.

आता सीमेबाहेरून चेंडू टाकणाऱ्याविषयी. हे काम कुणाला तरी द्यायचे म्हणून दिले जाते, अशी माझी तक्रार आहे. टाकणाऱ्याला पाच सेकंद मिळतात, त्याच्यापुढे हात पसरून एक माणूस उभा असतो, आणि जो मुख्य गार्ड आहे त्याच्यापर्यंत चेंडू पोचू नये यासाठी प्रतिस्पर्धी जिवाचे रान करत असतात. मुख्य गार्डनेच चेंडू आत टाकला तर पुढे तो घ्यायचा कुणी, आणि दुसऱ्याने टाकला तर त्याची नजर व पासची जाण तितकी आहे का, ही निवड आधीच केलेली असावी लागते. २०२५ च्या उपांत्य सामन्यात ड्यूकचा संघ शेवटच्या मिनिटात ह्यूस्टनविरुद्ध सहा गुणांनी पुढे होता आणि तरीही ७०-६७ असा हरला. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात सीमेबाहेरून टाकलेला एक पास त्यांनी गमावला होता. त्या संघाचा कूपर फ्लॅग हा सहा फूट नऊ इंचांचा फॉरवर्ड गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) आणि असिस्ट (ज्यावर गुण झाले असे पास) या तिन्हींत संघात पहिला होता. अशा उंच खेळाडूला सूत्रे दिल्याने आक्रमणाला मोठी बळकटी येते, पण पूर्ण मैदानभर अंगावर येणाऱ्या बचावापुढे चेंडू सुरक्षित आत आणणे आणि जपणे हे गार्ड्सचेच काम राहते, आणि ते कुणी करायचे याचे उत्तर फॉरवर्ड कितीही गुणी असला तरी त्याच्याकडून येत नाही.

त्याच स्पर्धेत, आठवडाभर आधी, ह्यूस्टनने याच कामाची दुसरी बाजू दाखवली होती. पर्ड्यूविरुद्ध ६०-६० अशी बरोबरी होती, जेमतेम तीन सेकंदांच्या आतबाहेर वेळ उरली होती, आणि चेंडू बास्केटच्या रेषेबाहेरून टाकायचा होता. तो टाकायला उभा राहिला संघाचा पॉइंट गार्ड, मिलोस उझान. त्याने तो जोसेफ टगलरकडे दिला आणि स्वतः लगेच आत शिरला. बचावाची नजर चेंडूमागे गेली होती. टगलरने टप्पा पास परत दिला आणि उझानने सोपा लेअप टाकला. चेंडू टाकणारा माणूस सीमेबाहेर असेपर्यंत त्याच्यावर कुणाचे लक्ष नसते, आणि तो आत पाऊल टाकतो त्या क्षणी मैदानावरचा सर्वांत मोकळा खेळाडू तोच असतो.

व्हिलानोव्हाचा २०१६ चा विजय याच तत्त्वावर उभा होता. ४.७ सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने हवेत हात बदलून टाकलेल्या थ्री पॉइंटरने ७४-७४ अशी बरोबरी झाली. टाइमआउटनंतर व्हिलानोव्हाचा उंचपुरा डॅनियल ओचेफू मैदान पुसणाऱ्या मुलाच्या हातातले फडके घेऊन मध्यरेषेजवळची एक जागा स्वतः पुसू लागला, कारण काही क्षणांनी तिथेच त्याला स्क्रीन लावायची होती आणि तिथे पाय घसरून चालणार नव्हते. क्रिस जेन्किन्सने चेंडू आत टाकला. चौथ्या वर्षाचा रायन आर्चिडियाकोनो तो घेऊन धावत सुटला, ओचेफूच्या स्क्रीनवरून वळला, दोन बचावपटूंना स्वतःकडे खेचले आणि मागून येणाऱ्या जेन्किन्सकडे चेंडू हलकेच सोपवला. जेन्किन्सचा शॉट वेळ संपता संपता पडला, ७७-७४. कॉलेजची चार वर्षे चेंडू वाहिलेल्या खेळाडूने शेवटचा शॉट स्वतः न घेणे हा त्याच्या समजेचा भाग झाला. ज्याने चेंडू आत टाकला तो मागून येणारच, हे त्याला पाठ होते, हा सरावाचा भाग.

त्या संघात आणखी एक गोष्ट होती. आर्चिडियाकोनोच्या शेजारी त्या वर्षी जेलन ब्रन्सन हा पहिल्या वर्षाचा गार्ड सुरुवातीपासून खेळत होता. त्याच्याकडे चेंडू चालवण्याची कुवत उघड असूनही पहिले वर्ष त्याने दुसऱ्या जागेवर काढले, आणि दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला व व्हिलानोव्हा पुन्हा विजेता झाला. कॅन्ससमध्ये फ्रँक मेसनच्या शेजारी खेळलेल्या डेव्हॉन्टे ग्रॅहॅमने २०१७-१८ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा तो दर सामन्यात सरासरी ३७ मिनिटांहून अधिक वेळ मैदानावर असे. कनेटिकटमध्ये २०११ च्या विजेत्या संघात केंबा वॉकरच्या शेजारी शबाझ नेपियर होता, आणि २०१४ मध्ये नेपियर नायक झाला तेव्हा त्याच्या शेजारी रायन बोटराइट होता. एकाच्या खांद्याशी उभे राहून दुसरा तयार होण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण चेंडूविना घालवलेल्या त्या वर्षात खेळाडू बचाव वाचायला शिकतो, आणि पुढे चेंडू हाती आल्यावर तेच वाचन कामी येते.

ही पद्धत आता विरळ होत चालली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले, २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागले, आणि २०२४ मध्ये कितीदा बदलता येईल यावरचे बंधनही, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, राहिले नाही. दुसऱ्या जागेवर वर्ष काढण्याऐवजी गार्ड दुसरीकडे जाऊन पहिली जागा मिळवतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. २०२५ मध्ये विजेत्या ठरलेल्या फ्लोरिडाचे तिन्ही मुख्य गार्ड बाहेरून आलेले होते : वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. ते तिघे एकाच वेळी गेले, आणि त्यांच्या जागी आर्कान्सॉहून बूगी फ्लँड व प्रिन्स्टनहून झेव्हियन ली आले. दोघेही आपापल्या संघात चेंडू हाती ठेवून खेळलेले. अशी जोडी जमवली की हंगामापूर्वी प्रशिक्षकाचे खरे काम गुणांची बेरीज करण्याचे उरत नाही. दोघांपैकी कोण चेंडूविना अधिक उपयोगी आहे ते शोधण्याचे असते.

बाहेरून आलेल्या गार्डचे जुने आकडे वाचताना म्हणूनच सावध राहावे लागते. असिस्ट आणि टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) यांचे गुणोत्तर सर्वत्र दिले जाते, परंतु पास घेणाऱ्याचा शॉट पडला तरच असिस्ट मोजला जातो, त्यामुळे दुबळ्या नेमबाजांच्या संघातल्या उत्तम पासकऱ्याचा आकडा लहान दिसतो. जो गार्ड धोका पत्करतच नाही, शेजारच्याला सोपा पास देऊन बाजूला होतो, त्याचे गुणोत्तर सुरेख दिसते आणि संघाला त्याचा फारसा लाभ होत नाही. मी त्याऐवजी त्याने चेंडूविना किती थ्री पॉइंटर टाकले, म्हणजे दुसऱ्याच्या पासवर किती आणि स्वतःच्या ड्रिबलनंतर किती, ते शोधतो. दोन हँडलर, म्हणजे चेंडू चालवणारे खेळाडू, एकत्र खेळवायचे तर ज्याच्या हाती चेंडू नाही त्याला मोकळे सोडणे बचावाला परवडता कामा नये.

महिलांच्या खेळात हे फार ठळकपणे घडले. २०२३ च्या उपांत्य सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनला बाहेर अक्षरशः मोकळे सोडले, हाताने झटकून दिल्यासारखी खूण केली आणि आत मदतीला उभी राहिली. साउथ कॅरोलायनाचा आतला खेळ त्यामुळे गुदमरला आणि तोवर एकही सामना न हरलेला तो संघ ७७-७३ असा बाहेर पडला. पुढच्या हंगामाआधी साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी ओरेगॉनची पॉइंट गार्ड टे-हिना पाओपाओ हिला आणले. ती चेंडू चालवू शकत होती आणि दूरवरून अचूक नेमबाजीही करत होती. जॉन्सननेही स्वतःच्या शॉटवर कष्ट घेतले. दोघी एकत्र खेळू लागल्यावर बाहेर कुणाला सोडायचे हे बचावाला ठरवता येईना. तो संघ ३८ सामने खेळला, सगळे जिंकला, आणि अंतिम फेरीत त्याच आयोवाला त्याने ८७-७५ असे हरवले.

राखीव गार्डविषयी थोडेच लिहितो, कारण त्याबाबतीत मत बनवायला दोन सामने पुरेसे आहेत. कॉलेजमध्ये पाच फाउलना खेळाडू बाद होतो, म्हणून पहिल्या अर्धात दोन फाउल झाले की बहुतेक प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात. २०१३ च्या अंतिम सामन्यात मिशिगनच्या ट्रे बर्कवर ही पाळी आली आणि एरवी क्वचित गुण करणाऱ्या स्पाइक अल्ब्रेक्टने पहिल्या अर्धातच १७ गुण काढले. संघ हरला, पण बर्कविना कोलमडला नाही. २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या जमाल शेडचा घोटा ड्यूकविरुद्ध पहिल्या अर्धात दुखावला, तो परतू शकला नाही, आणि देशातला एक अव्वल संघ ५१ गुणांवर थांबून तीन गुणांनी हरला. शेडच्या जागी कोण, हा प्रश्न ह्यूस्टनचे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांना पुढच्या हंगामासाठी सोडवावा लागला. ओक्लाहोमाहून उझान आला तो त्यानंतर.

ऑक्टोबरच्या अखेरीस होणारे प्रदर्शनीय सामने आणि नोव्हेंबरचे पहिले काही सामने निकालासाठी पाहण्यात अर्थ नसतो, कारण बलाढ्य संघ ते सहज जिंकतात. त्यांत मी प्रतिस्पर्ध्याची बास्केट पडल्यानंतरचे पहिले तीन सेकंद पाहतो : चेंडू उचलतो कोण, मुख्य गार्डला अडवले तर न सांगता मागे येतो कोण, आणि त्याच्याकडे चेंडू आला की तो पुढे पाहतो की लगेच मुख्य गार्डला शोधतो. प्रशिक्षक आघाडी मोठी झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या हँडलरला एकत्र सोडतात का, की मुख्य गार्डलाच पस्तीस मिनिटे पळवतात, हेही लक्षात ठेवतो. त्यानंतर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात माउई इन्व्हिटेशनलसारख्या स्पर्धा येतात, जिथे तीन दिवसांत तीन सामने खेळावे लागतात. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या अर्धात, मुख्य गार्डचे पाय जड झालेले असताना प्रेसमधून चेंडू कोण बाहेर काढतो, ते पाहिल्यावरच त्या संघाविषयी मी माझे मत पक्के करतो.